सात पूर्वज आणि एक उमेदवार

एकदा एका नगरीत एक घराणे होते. नगरी म्हणजे प्राचीन रोम, आणि घराणे सेविनियसांचे. त्यात जिवंत माणसे दोनच उरली होती: कॅल्विना नावाची विधवा माता आणि तिचा एकुलता एक पुत्र सर्वियस. तरीही घरात पाऊल टाकणाऱ्याला ते घर भरलेले वाटे, कारण दर्शनी दालनाच्या भिंतीवर सात पूर्वज टांगलेले होते.

टांगलेले म्हणजे अगदी शब्दशः. रोममधल्या थोर घराण्यांची अशी रीत होती की, कुळातला जो पुरुष राज्याच्या उच्च पदावर पोहोचे त्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा करून घ्यायचा, त्याला रंग द्यायचा आणि भिंतीवरच्या लाकडी कपाटात ठेवून खाली त्याचे नाव व पराक्रम लिहायचे. सेविनियसांकडे असे सात मुखवटे होते. एकाने भर पुरात सैन्यासह नदी ओलांडली होती. एकाने देऊळ बांधले होते. एकाने सिनेटमध्ये सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सलग भाषण करून एक ठराव हाणून पाडला होता. तो ठराव कशाचा होता हे आता कोणालाच आठवत नव्हते, आणि भाषणाच्या शेवटी शेवटी ते वक्त्यालाही आठवत नव्हते असे म्हणतात. सातवा मुखवटा सर्वियसच्या पणजोबांचा. त्यापुढचे आठवे कपाट रिकामे होते, आणि फार वर्षे रिकामे होते.

सर्वियसचे आजोबा एडाईलच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. वडील दोनदा उभे राहिले, दोनदा पडले, आणि तिसऱ्यांदा उभे राहण्यापूर्वीच तापाने वारले. एडाईल म्हणजे नगरीचे रस्ते, गटारे, बाजार आणि उत्सवातले खेळ पाहणारा अधिकारी. पद तसे गटारांचे, पण मोठ्या पदांची वाट तिथूनच जाई आणि मुखवट्याचा मानही तिथूनच सुरू होई. आता पाळी सर्वियसची होती. सिनेटमधली वडीलधारी मंडळी उघडच म्हणू लागली होती की, हाही पडला तर सेविनियस हे नाव थोर घराण्यांच्या यादीतून काढून टाकायला हरकत नाही. कॅल्विना रोज सकाळी पिसांच्या झाडणीने सातही मुखवटे झटकी, आणि आठव्या कपाटापाशी आली की मुलाकडे पाही. त्या पाहण्याने सर्वियस न्याहारी अर्धी टाकून उठे.

सर्वियसला वक्तृत्व शिकवायला दामोन नावाचा एक वृद्ध ग्रीक आचार्य घरी येत असे. त्याने सर्वियसच्या वडिलांनाही शिकवले होते; म्हणजे घराण्याच्या दोन पराभवांचा तो जवळचा साक्षीदार होता. माणूस विद्वान आणि बोलायला मऊ, पण शिष्याच्या प्रत्येक वाक्यात चूक काढण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. सर्वियसने नुसते "बंधूंनो" म्हटले तरी दामोन मान हलवून म्हणे, "पुन्हा म्हण. यात बंधू कुठे ऐकू आले नाहीत."

निवडणुकीला बारा दिवस उरले असताना सर्वियसने आपले भाषण त्याला वाचून दाखवले. पहिल्या पूर्वजापासून सातव्यापर्यंत येता येता खांबाची सावली अंगण ओलांडून गेली. भाषणाचे शेवटचे वाक्य होते, "आणि आता मी."

"आणि आता तू काय?" दामोनने विचारले.

"आता मी उभा आहे."

"ते दिसतंय. निवडून येऊन करणार काय?"

"गुरुजी, सेविनियस म्हटल्यावर ते वेगळं सांगावं लागतं का?" सर्वियसला खरोखरच आश्चर्य वाटले. मग तो जरा पुढे सरकला. "पण मला एक कल्पना सुचली आहे. बाबांची अंत्ययात्रा आठवते तुम्हाला?"

ती न आठवणारा माणूस रोममध्ये नव्हता. थोर घरातला कोणी वारला की भिंतीवरची कपाटे उघडली जात आणि नट बोलावले जात. एकेक नट एकेका पूर्वजाचा मुखवटा चढवी, त्याच्या पदाची वस्त्रे नेसे, आणि असे सगळे जुने मृत नव्या मृताला न्यायला रस्त्याने चालत येत. त्यांच्यात आणखी एक नट असे, सर्वांत कसबी. तो त्या दिवशीच्या मृताचेच सोंग घेई. त्याची चाल, त्याचा खोकला, त्याच्या लकबी अशा हुबेहूब वठवी की लोक रडता रडता हसत. सर्वियसच्या वडिलांना दारावर थाप न मारता नुसते खोकून दार उघडून घ्यायची सवय होती. नटाने भर चौकात ते खोकणे केले तेव्हा कॅल्विनासुद्धा तोंडावर वस्त्र घेऊन हसली होती.

"सगळं गाव थांबलं होतं त्या दिवशी," सर्वियस म्हणाला. "लोहारांनी घण खाली ठेवले होते. एवढा थाट, आणि तो फक्त मेलेल्यांसाठी? मी मतं मागायला चौकात जाईन तेव्हा सातही पूर्वज माझ्याबरोबर चालतील. मध्ये मी."

कॅल्विना दारातच उभी होती. ती म्हणाली, "नको रे बाळा. मुखवटे बाहेर निघाले म्हणजे घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. अशुभ आहे ते."

सर्वियसने दामोनकडे पाहिले. आता हा निदान शंभर चुका काढणार, याची त्याने मनाशी तयारी केली होती. म्हाताऱ्याने डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले, आणि मग उघडून म्हणाला, "उत्तम."

हा शब्द दामोनच्या तोंडून सर्वियसने जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"सातही ने," दामोन म्हणाला. "नट मी ठरवतो. पावा वाजवणारेही सांगतो. आणि उमेदवार म्हणून टोग्याला खडू लावशीलच, तेव्हा थोडी पूड चेहऱ्यालाही लाव. तेज येईल."

खडूचे सांगायला हवे. आपल्याकडचा उमेदवार हात जोडतो. रोममधला उमेदवार आपल्या टोग्याला, म्हणजे अंगाभोवती लपेटायच्या त्या लांबलचक लोकरी वस्त्राला, खडू चोळून शुभ्र करीत असे. आपण निष्कलंक आहोत हे लोकांना दुरूनच दिसावे, हा हेतू. कँडिडेट हा शब्द त्या शुभ्रतेवरूनच आलेला आहे, आणि तो अजून टिकला आहे; शुभ्रतेचे काय झाले ते वाचकांना ठाऊकच आहे.

ठरलेल्या सकाळी नट आले. ही मंडळी वर्षानुवर्षे अंत्ययात्रांत कामे करीत आलेली. त्यांच्या म्होरक्याने दामोनला विचारले, "काय करायचं?" दामोन म्हणाला, "नेहमी करता तेच." सर्वियस त्या वेळी आतल्या खोलीत गालांवर खडू चोळत होता, त्यामुळे हे बोलणे त्याच्या कानांवर पडले नाही.

मिरवणूक निघाली. पुढे दंडधारी सेवक, मागे जांभळ्या काठांच्या वस्त्रांतले सात पूर्वज, मधोमध पांढराफटक सर्वियस. पहिल्या वळणापर्यंत सारे त्याच्या मनासारखे झाले. लोक खरोखर थांबले. लोहारांनी खरोखर घण खाली ठेवले. सर्वियसने हनुवटी उंच केली, नजर लोकांच्या डोक्यांवरून पार देवळाच्या शिखरावर नेऊन लावली, आणि तो त्याच्या खास चालीने चालू लागला, म्हणजे बगळा चिखलातून चालतो तसा. एवढ्यात पावा वाजवणाऱ्यांनी सवयीने अंत्ययात्रेतला रडका सूर धरला.

"अरेरे," गर्दीतून एक बाई म्हणाली, "तरुण होता हो."

"कोण गेलं?"

"सेविनियसांचा मुलगा. तो नाही का, पडद्याच्या पालखीतून फिरायचा? काय बरं त्याचं नाव..."

नाव कोणालाच आठवेना.  सर्वियस थांबला आणि ओरडला, "सर्वियस! सर्वियस नाव आहे! आणि मी मेलेलो नाही!"

सारा रस्ता हास्याने दणाणून गेला.

"वा रे नटा!" एक लोहार म्हणाला. "आवाज अगदी तोच काढलास!"

"ती चाल बघितलीस का? हुबेहूब!"

"पण नाक जरा खाली आलंय. त्याचं नाक याहून वर असायचं."

सर्वियसने आजूबाजूच्या पूर्वजांकडे मदतीच्या आशेने पाहिले. नदी ओलांडणारा पूर्वज मुखवट्याआडून कुजबुजला, "छान चाललंय, असंच रेटा." त्यालाही हा नटांपैकीच कोणी नवा वाटला होता. लोक टाचा उंचावून मागे तिरडी कुठवर आली ते पाहत होते.

मिरवणूक फोरमवर, म्हणजे नगरीच्या मुख्य चौकात पोहोचली. नट आपल्या शिरस्त्याप्रमाणे भाषणाच्या चौथऱ्यावर चढले आणि तिथल्या हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसले; सर्वियसही त्यांच्यामागोमाग वर चढला. आता कोणीतरी मृताचे गुणगान करायचे, ही पुढची रीत. घरचे कोणी दिसेना, तेव्हा सर्वियसचा एक प्रतिस्पर्धी उमेदवार डोळे पुसत पुढे झाला. त्याने चौथऱ्यावर सर्वियसला ओळखले की नाही हे देव जाणे. प्रतिस्पर्धी मेलेला असणे कोणत्याही उमेदवाराला सोयीचेच असते.

त्याने नदीचे सांगितले, देवळाचे सांगितले, सूर्यास्तापर्यंतच्या भाषणाचे सांगितले. सातही पूर्वज झाले. "आणि आता सर्वियस," तो म्हणाला आणि थांबला. त्याने आकाशाकडे पाहिले. त्याने घसा साफ केला. "सर्वियस हा..." हजारो माणसे वाट पाहत होती. त्यांत सर्वियसही होता, आणि त्याच्याइतक्या आतुरतेने कोणीच वाट पाहत नव्हते. आपल्याबद्दल काय सांगता येईल याचा तो स्वतःही मनात शोध घेत होता आणि त्यालाही काही सापडत नव्हते. त्याला घाम फुटला. गालांवरच्या खडूतून ओघळ उतरू लागले.

"सर्वियस हा," प्रतिस्पर्धी अखेर म्हणाला, "फार स्वच्छ राहत असे."

लोकांनी सहानुभूतीने माना डोलावल्या. तेवढ्यात गर्दी सारत एक मासेवाली पुढे आली. हातात सुरी तशीच, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. ती सरळ देऊळ बांधणाऱ्या पूर्वजासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बरा सापडलास!" ती म्हणाली. "देऊळ बांधलंस ते बांधलंस, त्याची पायरी आमच्या गटारावर कशाला रे बांधलीस? शंभर वर्षं तुंबतंय ते! घाण पाण्यात उभी राहून माझ्या आजीचे पाय कुजले, आईचे कुजले, आता माझे कुजतायत. तुम्ही सगळे खुर्च्यांवर बसा!"

मुखवट्यातल्या नटाने, बिचाऱ्याचा काय दोष, मान दुसरीकडे वळवली. सर्वियस मात्र संतापाने पेटला होता. सकाळपासून त्याला कोणी जिवंत मानायला तयार नव्हते. त्यात आता घराण्यावर गटाराचा आरोप. तो तरातरा चौथऱ्यावरून उतरला आणि त्या बाईच्या तोंडासमोर उभा राहून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून ओरडला, "कुठली गल्ली?"

चौकात एकदम कुजबुज सुरू झाली.

"इथे चुकला," लोहार म्हणाला.

"साफ चुकला," दुसरा म्हणाला. "इतका वेळ काय छान करत होता! पण खरा सर्वियस असं कधी विचारेल का?"

"खरा आपल्याकडे बघून बोलेल तरी का?"

मासेवाली मात्र हसली नाही. तिने त्या ओघळलेल्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "मासळी बाजारामागची तिसरी गल्ली. पण तू चांगला नट आहेस रे. मेला त्यापेक्षा तूच बरा." आणि ती आली तशी निघून गेली.

गर्दीच्या तावडीतून सुटायला सर्वियसला बराच वेळ लागला; घरी पोहोचला तो धावतच. दामोन त्याच्याआधीच येऊन अंगणात अंजिराच्या झाडाखाली बसला होता. कॅल्विनाने मुलाला पाहून आधी त्याला चाचपून घेतले, कारण शेजारणी तोवर दोनदा सांत्वनाला येऊन गेल्या होत्या.

"तुम्ही माझी अंत्ययात्रा काढलीत!" सर्वियस दामोनवर गरजला. "मला जिवंतपणी मारलंत! तुम्हाला माहीत होतं काय होणार ते!"

"होतं," दामोन म्हणाला. "बस."

सर्वियस बसला नाही, पण उभाही धड राहिला नाही.

"बाळ, मी तुला मारलं नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तू म्हणालास तेच मी केलं. जो आपल्या पूर्वजांच्याच ओळीत चालतो, त्याला लोक त्या ओळीतला समजले, यात त्यांची काय चूक? तुझ्या वडिलांना मी हे तोंडानं सांगितलं होतं, दोन्ही वेळा. त्यांनी ते टिपून घेतलं आणि दोन्ही वेळा पडले. म्हणून या वेळी सांगायचं नाही असं ठरवलं. तुझ्या घराण्याच्या सातही गोष्टी लोकांना पाठ आहेत, आणि तुझी एकही नाही. मेणाचा मुखवटा घ्यायला आधी चेहरा लागतो, आणि तो रस्त्यातल्या माणसांनी ओळखावा लागतो. आज सबंध सकाळभर तू तुझीच नक्कल करत होतास. लोकांना ती आवडली, कारण ती त्यांना पाठ होती. एकाच ठिकाणी नक्कल चुकली. मीही चौकात होतो, लोहाराच्या मागे उभा. मला विचारशील तर त्या दोन शब्दांपुरताच तू तिथे जिवंत होतास."

 गालांवरचा खडू वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. सर्वियसने विचारले, "गुरुजी, त्या बाईचं नाव काय?"

"मला काय ठाऊक?" दामोन म्हणाला. "ते मी तुला विचारणार होतो."

सर्वियसने तोंड धुतले आणि तो पालखीशिवाय घराबाहेर पडला. तिचे नाव रुफिला होते. तिसऱ्या गल्लीत पाणी खरोखरच घोट्याच्या वर होते आणि पायरी खरोखरच गटारावर होती. निवडणुकीपर्यंत तो रोज मासळी बाजारात, लोहारांच्या आळीत, खाटकांच्या ओट्यांपाशी दिसू लागला. पहिले काही दिवस लोक "नट आला, नट आला" म्हणून त्याच्याभोवती जमत आणि ती बगळ्याची चाल करून दाखव म्हणून हट्ट धरत. पहिल्यांदा त्याचे कान लाल झाले. दुसऱ्यांदा त्याने ती करून दाखवली. तिसऱ्यांदा, ती इतकी वाईट दिसत असेल असे त्याला पूर्वी कधी वाटले नव्हते, हे त्याने मोकळेपणी सांगून टाकले. मग लोक त्याला ओळखू लागले, आणि त्यालाही लोक ओळखू येऊ लागले.

निवडणूक झाली. जागा दोन होत्या. सर्वियस तिसरा आला. एका गटाने तर मेलेल्या माणसाला मत कसे द्यायचे, असा वाद मतदानाच्या जागीच घातला आणि तो संध्याकाळपर्यंत मिटला नाही. सिनेटमधल्या वडीलधाऱ्यांनी यादी काढली, सेविनियसांच्या नावावर रेघ मारली आणि ती यादी घडी करून ठेवून दिली.

सर्वियस खाली मान घालून मासळी बाजारातून परतत होता. रुफिलाने त्याला पाहिले, हातातली सुरी ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि ती रस्त्यात येऊन उभी राहिली.

"तीन पिढ्या झाल्या तुमच्या घरातली माणसं हरतायत," ती म्हणाली. "माझ्या आजीनं बघितलं, आईनं बघितलं. पण वाईट वाटलं ते यंदा पहिल्यांदाच. पुढच्या खेपेला या. आम्ही असू."

कॅल्विना दारात वाट पाहत उभी होती. सर्वियसने तिला आधी रुफिलाचे बोलणे सांगितले, शब्दन् शब्द, आणि मग सांगितले की आपण तिसरे आलो.